मोंढ्यातली बोलकी फरशी

मी एक जुनी शहाबादी फरशी आहे. रंग काळपट निळा, एक कोपरा तुटलेला, पोटावर आडवी गेलेली एक पांढरी शीर. सध्या माझा मुक्काम बायपासजवळच्या कलाकट्ट्यावर आहे. चारही बाजूंनी मला सिमेंट लावलंय, कडेनं पिवळा पट्टा ओढलाय आणि डोक्याशी एक पाटी ठोकलीय. ही जागा कलाकारांसाठी राखीव आहे, असं त्या पाटीवर लिहिलंय. कलाकार मात्र औषधालाही सापडत नाही. दुपारी एक कुत्रं येऊन सावलीला झोपतं, तेवढाच काय तो कलाकार.

मित्रांनो, दगडानं गप्प बसावं असं माणसांना वाटतं. मी गप्प बसणार नाही. माझ्या शहराचं नाव तेवढं सांगत नाही. लातूर आणि नांदेड यांच्या मधलं एक शहर, एवढं तुम्हाला पुरे. नाव सांगितलं की साहेब लोक म्हणतील आमची बदनामी झाली, आणि मला दुसऱ्यांदा उखडतील. एकदा उखडून घेतलं, तेवढं बस झालं.

माझा जन्म खाणीतला. शहाबादच्या रानात जमिनीच्या पोटात आम्ही थरावर थर पडून होतो, पोळ्यांच्या चवडीसारख्या. एका माणसानं पाचर ठोकली आणि मी बहिणींपासून सुटी झाले. पहिल्यांदा उजेड पाहिला तेव्हा समोर त्या माणसाचे फुटलेले हात होते. असले हात कोणत्याही उद्घाटनाच्या पाटीवर नसतात. म्हणून मी ते आधी सांगून टाकते.

तिथून मी मालमोटारीत बसून या शहरातल्या मोंढ्यात आले. मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. आता तिथं धान्य कमी आणि कापड, भांडी, मोबाइल जास्त. पण नाव तेच राहिलंय. एका गवंड्यानं रस्त्याच्या कडेला मुरूम पसरला, पाणी मारलं आणि एका कापडदुकानासमोर मला बसवलं. माझ्या अंगाला लागून दुसरी, तिच्या अंगाला तिसरी, असा आमचा फूटपाथ झाला.

काय काय सोसलं नाही मी! हमालांच्या टाचा सोसल्या, बैलगाडीचं जू सोसलं, पानाच्या पिचकाऱ्या सोसल्या. नवरदेवाच्या घोड्यानं माझ्यावर लीद टाकली आणि पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या मांडवाचे खुंट माझ्या शेजारणीच्या पोटात ठोकले. आम्ही हूं की चूं केलं नाही. फूटपाथचा धर्मच तो, येईल त्याचा पाय अंगावर घ्यायचा. कुणाची जात विचारायची नाही आणि कुणाचं ओळखपत्र मागायचं नाही.

मग किल्लारीचा भूकंप झाला. तिकडं गावंच्या गावं ढिगाऱ्याखाली गेली. त्या दुःखापुढं माझी गोष्ट चिमूटभर. आमच्या मोंढ्यात भिंतींना चिरा पडल्या आणि माझ्या पोटाखालचा मुरूम खचला. पुढच्या पावसात तो हळूहळू नालीकडं वाहून गेला. वरून मी जशीच्या तशी, खाली मात्र पोकळी.

एके दिवशी एका हमालाच्या पाठीवरून हरभऱ्याचं पोतं घसरलं आणि माझ्यावर पडलं. आवाज झाला, धुम्म. सगळा मोंढा दचकला. भूकंपाची भीती अजून अंगातून गेली नव्हती, दोन-चार दुकानदार तर धोतर सावरत रस्त्यावर आले. मग कुणीतरी माझ्यावर टाच मारून पाहिली. पुन्हा धुम्म. लोक हसले. त्या दिवसापासून मी बोलकी फरशी झाले. शाळेची पोरं वाट वाकडी करून माझ्यावर उड्या मारायला यायची. कुणी म्हणायचं खाली निजामाच्या काळातलं भुयार आहे, कुणी म्हणायचं सोन्याचा हंडा आहे. मी मनातल्या मनात फुगायचे. वाटायचं, एवढ्या सगळ्या फरशांमध्ये आपल्या एकटीलाच कंठ फुटला.

माझा हा आवाज खऱ्या अर्थानं ओळखला तो केवळाबाईनं.

केवळाबाई किल्लारीच्या बाजूच्याच एका खेड्यातली. घराण्याचा धंदा गाण्याचा. सुगी झाली की गावोगाव फिरायचं, खळ्यावर गायचं आणि सुपात मिळेल ते धान्य पदरात घ्यायचं. पुढं खळी राहिली नाहीत, मळणी यंत्रावर होऊ लागली, आणि यंत्रापुढं कोण गाणार? तेव्हा ती शहरात आली. उंच, काटकुळी बाई. हातात एक दिमडी, म्हणजे चामड्याची लहान डफली, काखेत काठी. आवाज गोड म्हणाल तर अजिबात नाही. जात्यासारखा खरखरीत, पण मोंढ्याच्या पार त्या टोकाला चहावाल्याला ऐकू जायचा. ती देवाची गाणी कमी म्हणायची. समोर जे दिसेल त्यावर जागच्या जागी गाणं जुळवायची. टँकर आला नाही, त्यावर गाणं. सोयाबीनचा भाव पडला, त्यावर गाणं. शिकवणीच्या क्लासनं पोरांना रडवलं, त्यावरही गाणं. ज्याच्यावर गाणं व्हायचं त्याला रागही यायचा आणि चार लोकांत नावही व्हायचं.

सकाळी यायची ती आधी समोरच्या दुकानातून तांब्याभर पाणी मागायची. ओंजळभर माझ्यावर शिंपडायची, मला हात लावून कपाळाला लावायची आणि मगच उभी राहायची.

ते दुकान गुरुबसप्पांचं. उदगीरकडून आलेलं घराणं, कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, जिभेवर हिशेब. सगळा मोंढा त्यांना आप्पा म्हणायचा. आप्पा आणि केवळाबाई यांच्यात एक रीत पडली होती. दुकान उघडलं की दिवसाचा पहिला टोमणा केवळाबाईनं आप्पांना मारायचा. त्याला सगळे बोहणीचा टोमणा म्हणायचे. टोमणा बसल्याशिवाय आप्पा गिऱ्हाइकासमोर तागा उलगडायचे नाहीत. एकदा ती तापानं दुपारी आली, तर तोवर आप्पा कापड मोजायच्या पितळेच्या गजानं पाठ खाजवत नुसते बसून होते. तिचं एक गाणं मला अजून पाठ आहे:

आप्पाच्या दुकानी साडी पैठणी,
दावतो रेशमी, देतो नायलॉनी.
धुतली तर झाली परकराएवढी,
आप्पा म्हनतो, बाई, तूच झालीस जाडी!

लोक पोट धरून हसायचे. आप्पा गज उगारायचे, "शिवा शिवा" म्हणायचे आणि मिशीत हसत गादीवर बसायचे. मग हसत थांबलेल्या गर्दीतली निम्मी माणसं त्यांच्याच दुकानात शिरायची. हा सौदा दोघांनाही कळत होता, पण तो कधी कुणी तोंडानं बोललं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग शहर सुंदर करायचं ठरलं.

मित्रांनो, शहर सुंदर करायचं ठरलं की पहिला घाव गरिबाच्या जागेवर पडतो, हे ध्यानात ठेवा. नगरपरिषदेनं रस्त्यावरच्या कलाकारांसाठी नियम काढले. गाणारे, खेळ करणारे, सोंग घेणारे, फूटपाथवर खडूनं चित्रं काढणारे, या सगळ्यांनी मोंढ्यात उभं राहायचं नाही. बाजारपेठेत वाद्य वाजवायचं नाही. ज्याला कला दाखवायची आहे त्यानं ओळखपत्र काढावं आणि बायपासच्या कलाकट्ट्यावर, ठरवून दिलेल्या वेळेत दाखवावी. आमच्या ओळीत पुढं एक म्हातारा खडूनं महादेव काढायचा. त्यानं नियम ऐकले, खडूचा डबा झाकला आणि त्याच दिवशी गाव सोडलं. तो कुठं गेला, कुणी विचारलंही नाही.

दुकानदारांच्या संघटनेनंच हे मागितलं होतं. गर्दीनं गाड्या लावायला जागा मिळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. आप्पांनीही मान डोलावली होती. त्यांना वाटलं, नियम दुसऱ्यांसाठी असणार, केवळाबाई थोडीच त्यात येते! दुकानांतल्या साड्या नेसवलेल्या बाहुल्या मात्र तशाच फूटपाथवर उभ्या राहिल्या. त्यांना कुणी ओळखपत्र मागितलं नाही.

अतिक्रमण हटवणारी गाडी आली. तिच्यातून मल्लेश उतरला. हा मल्लेश याच मोंढ्यात लहानाचा मोठा झालेला, केवळाबाईची गाणी ऐकत शेंगा खाल्लेला. तो खाली बघत म्हणाला, "अक्का, वरून हुकूम हाय. दिमडी द्या."

"घे बाबा," ती म्हणाली. "तुझं पोट बी माझ्यावानीच, दुसऱ्याच्या दारात बांधलेलं."

हाताएवढी ती दिमडी. ती जप्त करायला पाच माणसं आणि एक गाडी. त्याच संध्याकाळी मोंढ्यातून वरात गेली, तिच्या भोंग्यानं आप्पांच्या दुकानाची काच थरथरली. त्याला नियम नव्हता. कसा असेल? वरात एका नगरसेवकाच्या घरची होती.

दुसऱ्या दिवशी केवळाबाई आली ती नुसती काठी घेऊन. लोकांना वाटलं, आता ही हात जोडून सांगेल की बाबांनो, राम राम घ्यावा. तिनं पाणी शिंपडलं, मला नमस्कार केला आणि काठी उचलून माझ्यावर मारली. धुम्म. पुन्हा मारली. मग धुम्म, धुम्म-धुम्म असा ठेका धरला आणि तिच्या नरड्यातून गाणं निघालं:

हुकूम आला, बाई, हुकूम आला,
उभं ऱ्हायला जागा न्हाई माणसाला.
मोटारीला सावली, बाहुलीला काच,
गाणाऱ्याच्या पायालाच हुकमाचा जाच!

काय सांगू मित्रांनो, त्या दिवसाइतकी मी कधी वाजले नाही. दिमडी दहा पावलांवर विरायची, माझा आवाज लोकांच्या तळपायातून वर चढत होता. भांड्यांच्या दुकानातली पातेली किणकिणली. हमाल पोती टेकवून उभे राहिले. रोजच्या दुप्पट गर्दी झाली. मला वाटलं, मीच गातेय आणि ही बाई नुसती काठी हलवतेय. दगडाला गर्व चढला की तो असा चढतो.

दोन-चार दिवसांत नगरपरिषदेचे मुख्याधिकारी साहेब स्वतः आले. तरुण माणूस, परीक्षा देऊन वर आलेला, कपडे कडक इस्त्रीचे. ओरडणारा नव्हता. ओरडणाऱ्यापेक्षा असा माणूस जास्त धोक्याचा, कारण त्याला आपण भलं करतोय अशी खात्री असते. त्यांनी विचारलं, "बाई, बाजारात वाद्य वाजवायला बंदी आहे, माहीत नाही का?"

"वाद्य कुठंय, साहेब?"

"मग हे काय वाजतंय?"

"ही व्हय?" केवळाबाईनं काठीचं टोक माझ्यावर टेकवलं. "ही तर तुमचीच हाय. नगरपरिषदेची. घ्या की जप्त करून."

गर्दी फसफसून हसली. मल्लेशनं तोंड फिरवलं, पण त्याचे खांदे हलताना मी पाहिले. साहेबांचे कान लाल झाले. तरी त्यांनी आवाज चढवला नाही. त्यांनी समजावून सांगितलं, की कट्ट्यावर मंच आहे, दिवे आहेत, पिण्याचं पाणी आहे, लोकही हळूहळू येतील. एवढी सोय सोडून इथं धुरळ्यात उभं राहायचा हट्ट कशाला?

केवळाबाई म्हणाली, "साहेब, मी माणसाच्या वाटंवर उभी ऱ्हाते. माणसाला माझ्या वाटंवर बोलवत न्हाई. आमचं काम तसं नसतंय."

तिथं थांबली असती तर बरं झालं असतं. पण समोर गर्दी होती, गर्दी हसत होती, आणि गाणाऱ्याला हसणारी गर्दी दिसली की जीभ आवरत नाही. तिनं काठी आपटली आणि म्हणाली, "आसं करा. ही फरशी तिकडं न्या. ही तिकडं बोलली, तर मी बी तिकडं गाईन. इथं पुन्हा पाय ठिवणार न्हाई. चौकातला शब्द हाय."

चौकातला शब्द म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला हवं. केवळाबाईच्या घराण्यात घर नव्हतं, शेत नव्हतं, सातबारा नव्हता. होता तो फक्त शब्द. चार लोकांसमोर दिलेला शब्द मोडला, तर पुढं कोणत्याही गावात त्यांना गायला उभं राहता यायचं नाही. लोक म्हणायचे, यांचं गाणंही असंच खोटं. तिला वाटलं, एका गाणाऱ्या बाईसाठी सरकार कधी फूटपाथ उखडेल का! आणि तिथंच ती चुकली. चांगलं काम करायला सरकारला वर्षं लागतात, जिद्दीला पेटलं की एक रात्र पुरते.

साहेब हसले. म्हणाले, "ठरलं."

ते गेल्यावर आप्पा दुकानाच्या पायरीवर आले. कडाडून बोलले, "आसा शब्द देतेत का कुटं? तोंडाला जरा कुलूप घालत जा, केवळाबाई." ती घोटभर पाणी प्यायली आणि निघून गेली. त्या दिवशी ती पहिल्यांदाच मला नमस्कार करायचा विसरली.

सकाळी दुकानं उघडायच्या आधी पहार आली. कडेच्या फटीत टोक घालून मला उचकटलं. तुटलेला कोपरा तेव्हाचाच आहे. खालून गोट्या निघाल्या, एक फुटकी बांगडी निघाली, सुपारीचं खांड निघालं. सोन्याचा हंडा काही निघाला नाही. जिथं मी होते तिथं आता नुसता खड्डा उरला. त्याच्याभोवती लाल फीत बांधून मंडळी गेली. खड्डा बुजवायचं काम दुसऱ्या विभागाकडं होतं.

इकडं कट्ट्यावर माझा थाट विचारू नका. आधी खडी, मग काँक्रीट. इंजिनिअरनं पातळी लावून पाहिली. माझ्याखाली एक बोट शिरेल एवढीही फट राहू दिली नाही. कडांना सिमेंटचा घट्ट माल भरला, वरून घासून पुसून लखलखीत केलं. त्या गवंड्यानं मला मुरमावर टाकलं होतं, इथं मला मानानं बसवलं. खोटं कशाला बोलू, मी सुखावले. मनात म्हटलं, आता माझा आवाज मंचावरून घुमणार.

काही दिवसांनी उद्घाटन ठरलं, मांडव घातला होता. खुर्च्या भरायला नगरपरिषदेचेच कर्मचारी आणून बसवले होते. कचऱ्याच्या डेपोकडून वारा आला की सगळे रुमाल नाकाला लावायचे. भाषणं झाली, फेटे बांधून झाले. कलाकारांचा सन्मान हा शब्द इतक्या वेळा उच्चारला गेला, की मला त्या खडूवाल्या म्हाताऱ्याची आठवण येऊन चीड आली.

केवळाबाई आली होती. शब्द दिला होता ना. धुतलेलं लुगडं नेसून ती एका कडेला उभी होती, काखेत काठी. दिमडी अजून परत मिळाली नव्हती, तिची प्रक्रिया चालू होती. नाव पुकारलं तशी ती मंचावर चढली. तिनं तांब्या मागितला. कुणीतरी बाटलीतलं पाणी दिलं. तिनं ते माझ्यावर शिंपडलं, मला हात लावून कपाळाला लावला आणि काठी उचलली.

ठक.

तिनं खाली पाहिलं. थोडी सरकून पुन्हा मारली.

ठक.

मी सगळा जोर लावला, मित्रांनो. दगडाला जेवढा लावता येतो तेवढा लावला. काही उपयोग झाला नाही. ओल्या भिंतीवर मूठ मारावी तसा आवाज. केवळाबाई गुडघ्यावर बसली. तिनं तळहात माझ्यावर ठेवला, गाईच्या पोटावर ठेवतात तसा. ती भांबावली होती. तिलाही आजवर वाटत होतं की आवाज माझाच आहे.

साहेब पुढं झाले. म्हणाले, "बाई, तीच फरशी आहे. ही पांढरी शीर बघा, हा कोपरा बघा. आणि माइक आहे ना, तुम्ही गा."

केवळाबाई सावकाश उठली. माइक तिच्या तोंडासमोर होता, म्हणून पुढचं सगळ्यांना ऐकू गेलं.

"दगड तोच हाय, साहेब. आवाज कुठं ठिवलाव?"

कुणी हसलं नाही. ती म्हणाली, "म्या शब्द दिलता, ही तिकडं बोलली तर गाईन. ही बोलंना. माझा शब्द सुटला." ती वाकली, माझ्या तुटलेल्या कोपऱ्यावरून एकदा बोट फिरवलं आणि मंच उतरून चालू लागली. पाठीमागं कुणीतरी घाईघाईनं भोंग्यावर देशभक्तीचं गाणं लावलं. ती कट्ट्याच्या बाहेर पडेपर्यंत ते वाजत राहिलं.

मी तिथंच पडून राहिले. आधी लाज वाटली. मग हळूहळू कळत गेलं, तशी चीड आली. ज्या आवाजावर मी इतकी वर्षं मिरवले तो माझा नव्हताच. तो माझ्याखालच्या मोकळ्या जागेचा होता. वर हमालांचे पाय, भोवती दुकानं, समोर आप्पा, खाली ती पोकळी, एवढं सगळं मिळून तो आवाज व्हायचा. त्यांनी मला उचलून आणलं आणि ती जागा तिथंच राहिली. वर इथं पोकळीसुद्धा शिल्लक ठेवली नाही, सिमेंटनं भरून टाकली. पक्कं काम केलं म्हणून इंजिनिअरची पाठ थोपटली असेल कुणीतरी.

त्यानंतर कट्ट्यावर शुकशुकाट झाला. शिकवणीचा क्लास सुटला की कधीमधी दोन मुली येऊन बसायच्या. त्यातली सृष्टी जळकोटची, इथं खोली करून राहणारी. अभ्यासानं डोळे सुजलेले आणि बसायला शहरात दुसरी जागा नाही, म्हणून इथं. एके दिवशी तिनं मोबाइल माझ्यावर ठेवला आणि मैत्रिणीला म्हणाली, "अगं ही बघ, मोंढ्यातली केवळाबाई. सगळीकडं हिचाच व्हिडिओ फिरायलाय."

आणि मोबाइलमधून आवाज आला. धुम्म.

माझ्या अंगातून वीज गेली. तोच आवाज, आणि मी तर इथं! सृष्टी मैत्रिणीला सगळं सांगत होती, त्यातून मला कळलं ते असं. माझ्या जागेवरचा खड्डा तसाच राहिला होता. एका गिऱ्हाईक बाईचा पाय त्यात गेला, तेव्हा आप्पांनी माळ्यावरून दुकानाची जुनी पत्र्याची पाटी काढली आणि खड्ड्यावर टाकली. फरशी नेल्यापासून केवळाबाई तिकडं फिरकली नव्हती, त्यामुळं गर्दी गेली होती, धंदा बसला होता. रोज सकाळी आप्पा गज हातात घेऊन रस्त्याकडं बघत बसायचे. टोमण्याशिवाय तागा उलगडायचा हात होत नव्हता. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशी केवळाबाई गावी जायला स्टँडकडं निघाली होती. वाट मोंढ्यातूनच. दुकानासमोरून जाताना आप्पा तिच्याकडं न बघताच म्हणाले, "बोहणी व्हायचीय अजून."

ती थबकली. पत्र्यावर पाय ठेवला. धुम्म. तिनं काठी उचलली.

व्हिडिओत पुढं गाडी आलेली दिसते. मल्लेश उतरतो, पाटी उचलायला वाकतो. आप्पा गादीवरून उठून येतात आणि पाटीवर स्वतःचे दोन्ही पाय ठेवून उभे राहतात.

"ह्या पाटीवर माझ्या बापाचं नाव हाय," ते म्हणतात. "नियम म्याच मागितलता, मल्लेश. आता म्याच सांगायलो. उचल बघू."

शेजारचे भांडीवाले आले, चहावाला आला, हमाल पोती टाकून आले. कुणी घोषणा दिली नाही. नुसते येऊन उभे राहिले, फूटपाथ भरून. मल्लेशनं टोपी काढली, डोकं खाजवलं आणि हळूच म्हणाला, "अक्का, जरा दमानं वाजवा. साहेब पलीकडच्या गल्लीत हायत."

सृष्टी एवढी हसली, की तिच्या पायाची थाप माझ्यावर पडली. ठक वाजलं. मोबाइलमधल्या धुम्मपुढं हा ठक ऐकून तिनं खाली पाहिलं. मग तिनं पुढचं दाखवलं. साहेबांनी जाहीर केलंय, की मोंढ्यातला सगळा फूटपाथ उखडून सिमेंटचे गट्टू बसवणार, खड्डे पक्के बुजवणार. कुणीतरी मोबाइल केवळाबाईच्या तोंडासमोर धरून विचारतो, मावशी, आता काय करणार? ती पदरानं घाम पुसते आणि म्हणते, "खड्डा बुजवायचा आसंल तर मी आत उतरून बसते. मग वता म्हनावं माल."

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी जुन्या वस्तू हात जोडतात आणि आम्हाला जपा अशी विनवणी करतात. मी हात जोडणार नाही. मला जपू नका. मला चांगलं जपलंय, एकही फट नाही राहिली. जपायची असेल तर ती जागा जपा. तुमच्याही गावात असा एखादा कोपरा असेल, जिथं कुणी गातं, कुणी खडूनं चित्र काढतं, कुणी सोंग घेऊन हसवतं. उद्या कुणीतरी इस्त्रीच्या कपड्यांतला माणूस येईल आणि गोड आवाजात सांगेल, की यांच्यासाठी आम्ही याहून चांगली सोय केलीय, गावाबाहेर. तेव्हा त्याला माझं नाव सांगा.

आणि कधी बायपासला आलात तर या कट्ट्यावर चढा. पाटी वाचू नका, वाचण्यासारखं तिच्यावर काही नाही. पिवळ्या पट्ट्याच्या आत माझ्यावर उभे राहा आणि टाच जोरात मारा. ठक असा आवाज येईल. तो नीट ऐकून घ्या. मग इथं बसू नका, तडक मोंढ्याकडं चालू लागा. गट्टूंची गाडी निघालीय, आणि खड्ड्यात उतरायला केवळाबाई एकटी पुरणार नाही.